मंकी उडत नव्हती

"रॉक लागलाय. सही कर आणि मोकळा हो," गुर्जर साहेब म्हणाले.

मी सही केली नाही. करायची नाही असं ठरवलंही नव्हतं. पेनात शाई होती, कागद पुढ्यात होता, साहेब डोक्यावर उभे होते. पण पत्र्याच्या शेडबाहेर पाइल ठोकायचं काम चालू होतं आणि त्या आवाजात काहीतरी खटकत होतं. काय ते मला सांगता येत नव्हतं. म्हणून आपलं म्हटलं, "साहेब, एकदा हिशेब करून बघतो."

"कर की. इंजिनिअर आहेस ना? पण दुपारच्या आत सही पाहिजे मला."

गोष्ट साठीच्या दशकातली. तारापूरकडे मोठमोठी कामं निघायला लागली होती आणि बोईसर स्टेशनवर आमच्यासारखी बाहेरची माणसं उतरायला लागली होती. मी सांगलीकडचा. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, एका खाजगी कंत्राटदाराकडे ज्युनिअर इंजिनिअर, अजून कन्फर्म न झालेला. राहायला सालवडला एक खोली. काम घिवलीच्या किनाऱ्यावर, जिथे वारा फिरला की बोंबलांचा वास थेट जेवणाच्या डब्यात यायचा. आम्ही लाकडी जेट्टी बांधत होतो. बार्ज, म्हणजे सपाट बुडाचा मोठा पडाव, अवजड यंत्रं घेऊन समुद्रातून येणार आणि या जेट्टीवर ती उतरवायची, असा बेत होता. पाऊस सुरू व्हायच्या आत. पावसाळ्यात तिथला समुद्र कुणाचंच ऐकत नाही.

जेट्टी उभी राहते पाइलवर. पाइल म्हणजे जमिनीत ठोकलेला लांबच लांब खांब. आमचे सागवानी होते. एका उंच फ्रेममध्ये पाइल उभा करायचा. त्याच्या डोक्यावर लोखंडी टोपी घालायची, टोपीच्या आत बाभळीचा ठोकळा. मग विंचने टनभर वजनाचा लोखंडी ठोकळा वर खेचायचा आणि सोडून द्यायचा. या ठोकळ्याला साइटवर सगळे मंकी म्हणतात. का म्हणतात ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. मंकी पडते, पाइल थोडा खाली जातो. एका ठोक्याला किती गेला, त्याला सेट म्हणतात. चिखलात सेट मोठा येतो. खडकाला टेकला की सेट जवळजवळ संपतो. मग पाइल पास, तसं लिहून इंजिनिअरने सही करायची.

पहिल्या दोन ओळी अशा पास झाल्या होत्या. भानगड तिसऱ्या ओळीची होती. ही सगळ्यांत बाहेरची, समुद्राकडची ओळ. बार्ज तिलाच लागणार, यंत्राचं पहिलं वजन तिच्यावरच येणार. इथे पाइल अडत होते ते बरेच वर, मागच्या ओळीपेक्षा पुरुषभर उंचीवर.

आता हिशेब. घाबरू नका, एवढासाच आहे.

मंकी चार फुटांवरून पडते. कुठलीही वस्तू चार फूट पडली की खाली येताना तिचा वेग सेकंदाला सोळा फूट असतो. ती पाइलवर आदळते आणि दोघं मिळून खाली जायला लागतात. पाइल आणि टोपीचं वजन मंकीइतकंच, म्हणजे तोच धक्का आता दुप्पट वजनाला वाटून घ्यायचा. वेग निम्मा, आठ फूट. या हिशेबात निम्मी ताकद टक्करीतच वाया जाते. उरलेली निम्मी पाइलला जमिनीत ढकलते, आणि जमीन त्याला अडवते. सेट जितका कमी, तितकं जमिनीचं अडवणं जास्त. तिसऱ्या ओळीत सेट पाव इंच येत होता. आकडे घातले. उत्तर आलं, पाइल शंभरेक टनांना दाद देणार नाही. आम्हाला वीस टन पुरे होते.

साहेबांनी कागद बघितला आणि प्रथमच माझ्याकडे पाहून हसले. "बघ! तुझंच गणित सांगतंय. आता कसली वाट बघतोयस?"

"साहेब, जमीन तपासायला बोअर घेतला होता तेव्हा खडक बराच खाली लागला होता."

"बोअर दोन पाइलच्या मध्ये घेतला होता. समुद्रातला खडक म्हणजे काय फरशी आहे का, सगळीकडे सारखी असायला?"

हे चूक नव्हतं. गुर्जर साहेब काही मूर्ख नव्हते. तीस वर्षं बंदरांची कामं केलेला माणूस. फक्त त्यांना घाई होती, आणि घाई झालेल्या माणसाला हवं ते उत्तर मिळालं की तो पुढचं वाचत नाही. मी "जरा बघून येतो" म्हणून बाहेर पडलो. मागून "अरे माने!" अशी हाक आली. मी ती ऐकली नाही असं दाखवलं.

ओहोटी होती. मी वाळूत उभा राहून नुसता ठोके बघत राहिलो. मंकी वर, मंकी खाली. धप्प. वर, खाली. धप्प.

आणि मग लक्षात आलं. मंकी उडत नव्हती.

मागच्या दोन ओळींत पाइल खडकाला टेकला की आवाज बदलायचा. ठण्ण! आणि मंकी आपटून चांगली वीतभर वर उडायची. साहजिक आहे. पाइल खाली जायला तयार नाही, मग ठोक्याची ताकद जाणार कुठे? ज्याची त्याला परत. इथे पाइल खाली जात नव्हता, आणि मंकीही उडत नव्हती. गव्हाचं पोतं टाकावं तशी ती पाइलच्या डोक्यावर बसत होती. चार फुटांवरून टनभर लोखंड पडतंय. ताकद जमिनीत गेली नाही, मंकीला परत मिळाली नाही. मग गेली कुठे? वाटेत कुणीतरी खात होतं.

"थांबवा!" मी ओरडलो.

विंचवर उत्तर प्रदेशातला एक उस्ताद होता. त्याने ब्रेक लावून मान बाहेर काढली. "क्या हुआ साब? अभी तो मज़े से चल रहा था."

मी फ्रेमवर चढलो. खालून काशिनाथ ओरडत होता, "सायेब, पाय सरकंल, बूट काडा!" काशिनाथ तांडेल आमचा मुकादम. घिवलीचाच, मच्छीमाराच्या घरातला. पाइल ठोकणारी सगळी गँग त्याची, त्याच्याच आळीतली पोरं. बार्ज आली की यंत्र उतरवायलाही हीच गँग तिसऱ्या ओळीवर उभी राहणार होती. पाइल खडकावर असले तर काही प्रश्न नाही. चिखलात लटकलेले असले तर यंत्र, फळ्या आणि माणसं एकदम पाण्यात, आणि यंत्र वरून. सही करायची म्हणजे या गोष्टीवर करायची होती.

लोखंडी टोपी उचलायला लावली. आत बाभळीचा ठोकळा होता तसाच होता. पण त्याच्याखाली, पाइलच्या डोक्यावर, सणाच्या दोऱ्यांनी विणलेल्या जुन्या मासेमारीच्या जाळ्याचं गच्च वळलेलं बोचकं होतं. हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोचकं चटका बसेल इतकं तापलं होतं. ठोक्याची ताकद कुठे जात होती ते माझ्या बोटांना कळलं.

"काशिनाथ, हे काय आहे?"

"जाला हाय. जुना." त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी काही नव्हती. उलट थोडी ऐट होती. "सायेब, या खेपंचा लाकूड कच्चा हाय. मंकी परली का डोका फुटते. गुर्जर सायेब बोलला, आता एक जरी डोका फुटला तं गँगला घरी धारतो. मंग आमी जाला घातला. बगा, एक तरी फुटला काय?"

खरंच एकही फुटला नव्हता.

घिवलीला होड्या एकमेकींना लागून उभ्या असतात. लाटेबरोबर आपटून फळ्या फुटू नयेत म्हणून मच्छीमार दोन होड्यांच्या मध्ये जुन्या जाळ्यांची बोचकी लटकवतात. बाप करायचा, आजा करायचा. त्यात नायलॉनची जाळी नुकती येऊ लागली होती, त्यामुळे सणाच्या जाळ्यांचे ढीग प्रत्येक अंगणात पडलेले. काशिनाथने होडीचं शहाणपण पाइलला लावलं. होडीला धक्का नको असतो. पाइलला धक्काच हवा असतो. घोळ एवढाच होता, पण केवढा!

मी खाली काशिनाथकडे उतरलो. ओल्या वाळूत एक खुंटी उभी केली आणि त्याच्याच हातात मोगरी दिली. "मार." खुंटी सरकन आत गेली. मग खुंटीवर गोणपाटाची जाड घडी ठेवली. "आता तेवढ्याच जोराने मार." तो मारत राहिला. खुंटी जागची हलेना. त्याने घडी काढून एक ठोका दिला, खुंटी परत आत.

काशिनाथने मोगरी खाली टाकली. मग म्हणाला, "मंजे आमचे पायल आत गेलेच नाय?"

"कितपत गेलेत ते मला माहीत नाही. खडकावर मात्र नसावेत."

"आयला!" त्याने तिसऱ्या ओळीकडे बोट केलं. "नि तिथं आमचीच पोरं उबी रानार."

माझं गणित कुठे फसलं तेही तिथेच कळलं. कॉलेजात टक्करीचं गणित शिकवताना एक वाक्य हळूच सांगून टाकतात: टक्कर क्षणात होते, तेवढ्या वेळात बाकीचं सगळं सोडून द्या. आम्ही मुलं ते पाठ करतो आणि सोडून देतो. लोखंड बाभळीवर आदळतं तेव्हा ते खरं असतं. मध्ये जाळं आलं की टक्कर लांबते. धक्का तेवढाच, पण रेंगाळत येतो, त्यामुळे कुठल्याही घडीला जोर कमी. गवंडी वरून फेकलेली वीट झेलताना हात मागे नेतो, ते याचसाठी. आमच्या पाइलवर ठोका पडतच नव्हता, हलकी ढकल पडत होती. तेवढी ढकल चिखलसुद्धा सहज पेलतो. मी मात्र ठोका पूर्ण पडतोय असं धरून शंभर टन काढून बसलो होतो.

शेडमध्ये साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा लाल होत गेला. शेवटी म्हणाले, "खुंटीचे खेळ मला दाखवू नकोस. अख्खी ओळ पुन्हा ठोकायची म्हणजे काय, कळतं का तुला? बार्ज मुंबईहून निघायच्या तयारीत आहे. हेड ऑफिसला काय सांगू? जाळ्याने घोटाळा केला म्हणून सांगू?"

"सांगायचं ते तुम्ही ठरवा साहेब. मी सही करणार नाही."

बोलून गेलो. घरी धाकट्या दोन बहिणी होत्या, आणि ही माझी पहिली नोकरी. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझं कन्फर्मेशन माझ्या हातात आहे, माने."

"माहीत आहे साहेब."

दारात काशिनाथ उभा होता. त्याला आत बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, "सायेब, जाला आमी घातला. आमाला घरी धारायचं तं धारा. पन त्या ओलीवर मी माजी पोरं उबी नाय करनार."

साहेब दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग खिडकीतून समुद्राकडे. मला वाटतं त्यांनाही तिथे माणसं उभी असलेली दिसली असावीत. पण बोलले ते वेगळंच. "एक पाइल. उद्याची एक ओहोटी. पाइल गेला तर ओळ पुन्हा ठोकू. नाही गेला तर तू सगळ्यांवर सही करशील, आणि तू," काशिनाथकडे बोट, "गँग घेऊन घरी जाशील."

आता डोकी फुटू नयेत याचा बंदोबस्त हवा होता. त्याला साधा उपाय असतो. पाइलच्या डोक्याभोवती लोखंडी कडं बसवायचं. पुस्तकात असतं, आमच्या स्टोअरमध्ये नव्हतं. सालवडच्या लोहाराकडे गेलो. त्याने बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापली, जोडली, तापवली आणि साइटवर येऊन पाइलच्या तासलेल्या डोक्यावर चढवली. पाणी ओतल्यावर ती अशी आवळली की लाकूड करकरलं. म्हणाला, "चाकाला बसते ती खांबाला का नाय बसनार?" बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळे जमले. गावातल्या बायका मासळीच्या टोपल्या खाली ठेवून बघायला थांबल्या. जाळं काढलेलं, बाभळीचा नवा ठोकळा बसवलेला. साहेब छत्री घेऊन उभे.

"साब, छोड़ूँ?" उस्तादने विचारलं.

"छोडो."

ठण्ण! मंकी उडाली. पाइल ढिम्म.

पुन्हा ठण्ण. पुन्हा उडाली. पाइलवर खडूने मारलेली खूण जिथल्या तिथे.

मंकी उडतेय म्हणजे काय, हे मीच कालपासून सगळ्यांना सांगत सुटलो होतो. उडतेय म्हणजे खडक! साहेबांनी नुसतं घड्याळ बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं. काशिनाथने माझ्याकडे पाहिलं आणि मला त्याच्याकडे बघवेना.

ठोके चालू ठेवले. तेवढंच हातात होतं. एक गोष्ट वाचलेली आठवत होती: चिकण चिखलात पाइल एक दिवस जरी तसाच सोडला तरी चिखल त्याला घट्ट धरून ठेवतो. पुन्हा ठोकायला घेतला की सुरुवातीला तो खडकाला टेकल्यासारखाच वागतो. वाचलेली होती, बघितलेली नव्हती. वाचलेल्या गोष्टीवर स्वतःची नोकरी आणि दुसऱ्याची गँग लावून उभं राहणं काय असतं, ते त्या सकाळी कळलं. पाणी परत चढायला लागलं. आधी घोट्यापर्यंत, मग नडगीपर्यंत.

"बस झालं, माने," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

"साहेब, पाणी गुडघ्याला येईपर्यंत."

"हट्टी आहेस."

त्यांनी थांबवलं मात्र नाही. याचं श्रेय मी आजही त्यांना देतो.

आणखी काही ठोके गेले. आणि मग एक ठोका पडला त्याचा आवाज निराळाच होता. ना ठण्ण, ना धप्प. कुणीतरी चिखलातून पाय उपसावा तसा. खडूची खूण हातभर खाली सरकली होती.

"गेला!" कुणीतरी किंचाळलं. "गेला, गेला!"

पुढच्या ठोक्याला पुन्हा हातभर. मग पाइल जायलाच लागला. पोरं प्रत्येक ठोक्याला आरोळी देत होती. बायका टोपल्या विसरून हसत होत्या. पाइल माझ्या उंचीइतका आत गेला आणि मग खरोखर टेकला. सेट कमी होत होत संपला. मंकी वीतभर उडायला लागली आणि उडतच राहिली. पाणी तोवर मांड्यांपर्यंत आलं होतं. डोकं तपासलं. कडं घट्ट, लाकूड शाबूत.

साहेबांनी छत्री मिटली. "ओळ पुन्हा ठोका," एवढंच म्हणाले आणि शेडकडे गेले. हेड ऑफिसला त्यांनी कळवलं की खडकाची पातळी अपेक्षेपेक्षा खोल निघाली. जाळ्याचं नाव काढलं नाही. त्यामुळे काशिनाथची गँग वाचली. माझं कन्फर्मेशन दोन महिने उशिरा आलं, तेही काही कारण न देता. माझी तक्रार नव्हती.

तिसऱ्या ओळीतले सगळे पाइल खाली गेले. एकही आधी अडला होता तिथे थांबला नाही. म्हणजे त्या दिवशी सही केली असती तर अख्खी ओळ चिखलात लटकत राहिली असती. या गोष्टीचा विचार मी त्या वेळी केला नाही. नंतर मात्र पुष्कळदा केला.

बार्ज आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. खडी फोडायचा क्रशर होता तिच्यावर, अगडबंब. लाकडी रुळांवरून तो जेट्टीवर ओढायचा होता. काशिनाथने पोरांना मागे ठेवलं आणि पहिला स्वतः तिसऱ्या ओळीवर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. शौर्य वगैरे काही नाही. किनाऱ्यावर उभं राहून बघणं मला जमलं नसतं. क्रशर आमच्यासमोरून इंच इंच सरकला. फळ्या करकरल्या, बोल्ट कुरकुरले. पाइल हलला नाही.

क्रशर किनाऱ्याला लागल्यावर पोरांनी एकच गलका केला. काशिनाथने डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. मी त्याला म्हटलं, "झालं बाबा. सुटलो."

"सुटलो," तो म्हणाला. "पन सायेब, एक इचारू? तो पयला कागद, त्यावर शंबर टन लिवलेला, तो पन तुमीच केलेला ना?"

"हो. मीच."

"नि त्यात चूक काय हुती?"

"आकड्यात नव्हती. टोपीच्या आत काय आहे ते न बघता केलं होतं."

त्याने पायाखालची फळी टाचेने ठोकून बघितली. मग म्हणाला, "मंग आदी बगत जा. तुमी कागदावर लिवता, आमी त्यावर उबे रातो."

पुढे मी पुष्कळ बंदरांवर पुष्कळ पाइल पास केले. उत्तर साहेबांना हवं तसं आलं की मी अजूनही कागद बाजूला ठेवतो आणि शिडी मागवतो.